वीस बाळंतपणं आणि एक आजी

आमच्या बॅचमध्ये कुणी कुणाला "जेवलीस का?" असं विचारत नाही. "मिळाली का?" असं विचारतात. एसटी स्टँडवर भेटलो तरी हेच, देवळात भेटलो तरी हेच. मध्यंतरी एका लग्नात माझ्या वर्गमैत्रिणीने पंगतीच्या दुसऱ्या टोकाकडून हा प्रश्न ओरडून विचारला आणि मीही तेवढ्याच जोरात उत्तर दिलं, "मिळाली होती गं, पण ऐन वेळी इंटर्नने पळवली!" अख्खी पंगत जिलबी हातात धरून थांबली. हा इंटर्न कोण, आणि त्याने नक्की कुणाला पळवून नेलं, याचा शोध आमची आत्या अजून घेते आहे.

मिळायची असते ती डिलिव्हरी. मी जीएनएम करते. जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी. तीन वर्षांच्या या डिप्लोमातलं 'जनरल नर्सिंग' नातेवाइकांना सांगायला असतं आणि 'मिडवायफरी' झोप उडवायला. वीस नॉर्मल बाळंतपणं आपल्या हातांनी करायची, प्रत्येकीची केस लिहायची, प्रत्येकीखाली सही घ्यायची. गरोदर बायांच्या तपासण्या वेगळ्या, सांभाळलेल्या बाळंतिणी वेगळ्या, बघितलेली सीझर वेगळी. नियमाशी माझं भांडण नाही. वीस बाळं हातावर झेलल्याशिवाय एकविसाव्याच्या आईने आपल्यावर का म्हणून भरवसा ठेवावा? फक्त ज्यांनी हा नियम केला त्यांनी तो आम्हाला कळवला, बाळांना कळवायचा राहिला.

आता लेबर रूममध्ये बाळंत होणारी बाई एक. तिच्या पायाशी आमच्या कॉलेजच्या आम्ही, शेजारी एएनएमच्या मुली, त्यांच्या मागे बीएस्सी नर्सिंगच्या, आणि दाराशी स्वतःचं लॉगबुक छातीशी धरलेला इंटर्न डॉक्टर. बाळंतपणाच्या वेळी बाईजवळ धीर द्यायला कुणीतरी असावं असं हल्ली सगळ्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं असतं. आमच्याकडे बाईला धीर द्यायला इतकी माणसं असतात की तिची सख्खी आई मागे चवड्यांवर उभी राहून आत डोकावत असते.

"ही माझी केस आहे. मी सकाळपासून बाळाचे ठोके ऐकतेय," एक म्हणते.

"अ‍ॅडमिशन मी घेतलं," दुसरी म्हणते.

"पण डोकं मला दिसलं," इंटर्न म्हणतो.

या वाटाघाटी चालू असताना तिसरेपणाची बाई कुणाच्याही लॉगबुकाची वाट न बघता मोकळी होते आणि बाळ वॉर्डाच्या मावशींच्या हातात असतं. मावशींना कसलंही लॉगबुक नसतं. त्यांचे वीस कधी झाले हे देवालाच माहीत. शेवटी इनचार्ज सिस्टर निवाडा देतात, "भांडू नका. बाळ एकच आहे." मग कुणीच 'कंडक्टेड' लिहायचं नाही, सगळ्यांनी 'विटनेस्ड' लिहायचं असं ठरतं. गावातल्या मोठ्या अपघातालाही एवढे साक्षीदार मिळत नाहीत.

कधी आपण एकट्याच ड्युटीवर असतो, इंटर्न चहाला गेलेला असतो, बाई लेबर रूमच्या दिशेने येतेय असा फोन येतो आणि ती १०८ च्या अँब्युलन्समध्येच बाळंत होऊन पोचते. आई हसतेय, बाळ रडतंय, ड्रायव्हर पेढे मागतोय, आणि सगळ्या हॉस्पिटलात तोंड पाडून उभी असलेली मी एकटी. "काय झालं सिस्टर, बाळाला काही...?" बाप घाबरून विचारतो. "नाही हो, बाळ उत्तम आहे," मी म्हणते. माझ्या केसबुकाचं काय झालं ते त्याला कसं सांगणार?

यात कॉलेजचं गणित वेगळं. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमाने वर्गातली हजेरी ८० टक्के चालते, वॉर्डातली मात्र शेवटी १०० टक्के भरून द्यावी लागते. म्हणजे माणूस वर्गात आजारी पडला तर चालतं, वॉर्डात आजारी पडला तर ती ड्युटी सुट्टीत फेडायची. हॉस्पिटलमध्ये आजारी पडायची मुभा फक्त पेशंटला. माझी एक मैत्रीण तापाने फणफणली तेव्हा तिने आधी वेळापत्रक पाहिलं, सोमवारी-मंगळवारी वर्ग आहेत असं दिसल्यावर मगच ती अंथरुणावर आडवी झाली आणि बुधवारी सकाळी ताप उतरवून हजर झाली. इतकी शिस्तबद्ध रुग्ण आमच्या मेडिसिन वॉर्डात एकही नाही.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. फी, खोलीचं भाडं, मेस, पांढरे बूट (जे पांढरे राहावेत अशी अपेक्षा लेबर रूममध्ये का ठेवतात कुणास ठाऊक) आणि झेरॉक्स. वडिलांना ऊसबिलाची वाट बघावी लागते आणि कॉलेजला ती बघवत नाही. म्हणून मी रात्रीच्या सोबतीचं काम धरलं. एका ब्यूरोने पत्ता दिला. आजी नव्वदीच्या, घर मोठं, मुलगा न्यू जर्सीला. त्याने फोनवर कामाचं स्वरूप सांगितलं: "सिस्टर, खरं म्हणजे काही कामच नाहीये. आई रात्री झोपते. तुम्हीही झोपा. नाहीतर शांतपणे अभ्यास करा."

एका दमात माणूस इतक्या थापा मारू शकतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आजी दिवसा झोपतात. रात्री त्यांना बोलायचं असतं, आणि बोलायचा विषय एकच. आजींना आठ मुलं. सगळी घरी झाली, सुईणीच्या हातची, आणि प्रत्येक वेळेची हकीकत आजींना तारीखवार नाही तरी पीकवार पाठ आहे. थोरला ज्वारीच्या सुगीत. दुसरी शेंगा काढताना. न्यू जर्सीवाला उन्हाळ्यात, विहीर आटली तेव्हा. मी पुस्तक उघडून 'प्रसूतीच्या पहिल्या अवस्थेची व्यवस्था' असं पुटपुटायला लागले की पलंगावरून आवाज येतो, "पहिली, दुसरी कसली? एकच अवस्था असते. नको नको होते ती."

खोलीत एक कॅमेरा आहे. चिरंजीवांनी बसवलेला. त्यातून ते तिकडून बघतात, आणि नुसते बघत नाहीत, बोलतातही. आपल्याकडे रात्रीचा एक वाजलेला असतो तेव्हा त्यांच्याकडे टळटळीत दुपार असते आणि ऑफिसात बहुधा फारसं काम नसतं. पहिल्या रात्री मी पुस्तकावर मान टाकून पेंगत होते आणि कपाटावरून भारदस्त आवाज आला, "सिस्टर, आईची चादर सरकली आहे." मी ताडकन उठून कपाटाला नमस्कार केला. आजी म्हणाल्या, "घाबरू नको. माझा पाचवा आहे."

तेव्हापासून मला तीन मालक. कॉलेजच्या मॅडमना वाटतं माझं आयुष्य म्हणजे कॉलेज. इनचार्ज सिस्टरना वाटतं माझं आयुष्य म्हणजे वॉर्ड. कपाटाला वाटतं मी पगारी जागी आहे. माझी हॉस्पिटलात नाइट लागली की मैत्रीण आजींकडे जाते, तिची लागली की मी. आजी दोघींनाही "ए पोरी" म्हणतात आणि अर्धवट राहिलेली हकीकत दुसरीला पुढे सांगतात. त्यामुळे सहाव्या बाळंतपणाची सुरुवात मला माहीत आहे आणि शेवट तिला.

प्रॅक्टिकलच्या आधी 'मेकॅनिझम ऑफ लेबर' घोटायचं असतं. म्हणजे कमरेच्या हाडांचा प्लॅस्टिकचा सांगाडा घ्यायचा आणि कापडी बाहुली त्यातून वळवत वळवत बाहेर काढायची. डोकं कधी खाली, कधी आत वाकवून, कधी फिरवून, सगळं नावानिशी म्हणत. कॉलेजने एका रात्रीपुरतं हे साहित्य घरी नेऊ दिलं. पिशवीत मावेना. मी बाहुली बगलेत आणि कंबर मांडीवर घेऊन एसटीत बसले. कंडक्टर आले. महिलांना तिकीट अर्धं असल्यामुळे माझे पैसे त्यांनी चटकन घेतले. मग नजर मांडीवर गेली.

"हे काय?"

"कंबर."

"कुणाची?"

"कॉलेजची."

कंडक्टरने ते विधान डोक्यात फिरवून पाहिलं. मागच्या बाकावरची बाई म्हणाली, "अहो, शिकतीय ती. दाई व्हायचंय तिला." मग काय विचारता! अख्ख्या गाडीला आपापल्या घरातली बाळंतपणं आठवली. एका आजोबांनी त्यांच्या सुनेचं सीझर खरंच गरजेचं होतं का असं मला विचारलं. एकाने बाहुली हातात घेऊन "ही मुलगी का मुलगा?" असं विचारलं, तर कंडक्टर गंभीरपणे म्हणाले, "सांगू नका हो सिस्टर, कायद्याने बंदी आहे."

रात्री आजींच्या टेबलावर कंबर ठेवली आणि सुरू केलं. "डिसेंट. फ्लेक्शन. इंटर्नल रोटेशन..." आजी कुशीवर वळून बघत होत्या. क्राउनिंगपर्यंत त्यांनी दम धरला.

"अजून झालं नाही?"

"आजी, अजून रेस्टिट्यूशन आहे, एक्स्टर्नल रोटेशन आहे."

"माझा चौथा तुळशीला पाणी घालून येस्तोवर झाला होता."

तेवढ्यात कपाट खाकरलं. "सिस्टर... आईच्या टेबलावर तुम्ही हे... काय करताय?" मध्यरात्री, हाडांच्या सांगाड्यातून, मंत्र म्हणत, बाहुली बाहेर काढणारी बाई बारा हजार किलोमीटरवरून कशी दिसत असेल याचा विचार मी तोवर केला नव्हता. मी अभ्यासक्रम समजावून सांगितला. त्यांना पटला असं वाटत नाही, कारण दुसऱ्या दिवशी त्यांच्या बहिणीचा फोन आला आणि त्यांनी मला माझं गाव, कुलदैवत आणि अमावास्येला काही करते का हे विचारलं.

पोस्टिंगमधली मला सर्वांत अवघड वाटणारी जागा लेबर रूम नव्हे, ओपीडी. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची मोफत तपासणी असते, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची, आणि त्या दिवशी पायरीपासून रांग लागते. माझं काम सोपं: शेवटची पाळी कधी आली ते विचारायचं आणि बाळंतपणाची तारीख काढायची. फ्रान्झ नेगेले नावाच्या जर्मन डॉक्टरांच्या नावाचा नियम आहे. पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवा, झाली तारीख. नेगेले साहेब १८५१ साली वारले. त्यांच्यासमोर आमच्या तालुक्यातली बाई कधी बसली नसावी.

"शेवटची पाळी कधी?"

"गणपती गेले त्या दिवशी."

"म्हणजे अनंत चतुर्दशीला?"

"न्हाई, आमचे गौरीबरोबर जातात."

"पाळी तुमच्या घरी असताना आली ना?"

"माहेरी होते. माहेरचे दीड दिवसाचे."

सासूबाई शेजारून सांगतात, "खोटं बोलतीय. मंडळाचे गेले तेव्हा. मी बँडच्या आवाजात ऐकलंय." आता दीड दिवसाचे धरावेत की मंडळाचे, यावर बाळ आठवडाभर पुढे-मागे होतं. २०२३ साली तर अधिक श्रावण आला होता. एक बाई म्हणाली, "श्रावण लागला त्या दिवशी." मी विचारलं, "कोणता? अधिक की निज?" ती म्हणाली, "आम्ही दोन्ही पाळले." पुरा एक महिन्याचा फरक! पोटावर हात ठेवून उंची मोजली, ती निज श्रावणाच्या बाजूने निघाली. नेगेलेच्या नियमाला पंचांगाचं शेपूट जोडल्याशिवाय तो सह्याद्री ओलांडणार नाही असं माझं प्रामाणिक मत आहे. आमच्या ओपीडीत स्टेथोस्कोप कुणाचाही चालतो, 'कालनिर्णय' मात्र जो तो आपापलं लपवून ठेवतो.

ऊसतोडीच्या हंगामात बीडकडच्या बाया येतात. त्यातली एक म्हणाली, "कारखान्याचा भोंगा पहिल्यांदा झाला, त्याच्या चार दिस आधी." मॅडम मागेच उभ्या होत्या. म्हणाल्या, "हं, मग? कारखान्याला फोन लाव." मी लावला. पलीकडच्या गृहस्थांनी आधी मी कुठल्या गटाची हे विचारलं. मी बाळंतपणाची तारीख काढायची आहे म्हटल्यावर ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "ताई, चेअरमनसाहेबांचा याच्याशी काही संबंध नाही."

एवढं करून जी तारीख निघते त्या तारखेला शंभरातली चार-पाचच बाळं येतात. हे पुस्तकातच लिहिलंय, आणि त्याच पुस्तकावर आमची परीक्षा असते.

लेबर रूममध्ये पार्टोग्राफ भरायचा असतो. १९७२ साली ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, फिलपॉट आणि कॅसल या दोघांनी आलेखावर दोन रेघा आखल्या: अ‍ॅलर्ट आणि अ‍ॅक्शन. लांबच्या केंद्रावरच्या सुईणीला, बाईला मोठ्या हॉस्पिटलात केव्हा हलवायचं हे कळावं म्हणून. कळा सुरू झालेल्या बाईच्या पिशवीचं तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडावं असा हिशेब. आपली खूण अ‍ॅलर्टच्या रेघेवर आली की सावध व्हायचं, चार तास उजवीकडच्या अ‍ॅक्शनच्या रेघेला टेकली की हलायचं. फार शहाणी वस्तू आहे, तिने कितीतरी बाया वाचवल्या आहेत, आणि मी ती मनापासून भरते. फक्त मी दर अर्ध्या तासाने ठोके, कळा, नाडी लिहीत असते आणि मावशी फरशी पुसता पुसता बाईकडे एकदा बघून म्हणतात, "ही चारला." आणि बाई चारला मोकळी होते. मावशींचा आलेख कोणत्या कागदावर आहे ते मी बरेचदा शोधलं.

आधी चार सेंटिमीटरला खऱ्या कळा धरायच्या. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने नवा तक्ता काढला, त्यात पाच. मी मॅडमना विचारलं, परीक्षेत कोणता लिहू? मॅडम म्हणाल्या, "परीक्षक किती वर्षांचे आहेत ते आधी बघ."

नाइटनंतरच्या एका लेक्चरला मी वहीत स्वतःचाच पार्टोग्राफ काढून पाहिला. उभ्या बाजूला झोप, आडव्या बाजूला आठवड्याचे वार. मंगळवारी दुपारीच माझी खूण अ‍ॅक्शनच्या रेघेला टेकली होती. मला मात्र कुणी मोठ्या हॉस्पिटलात हलवलं नाही, कारण मी आधीपासून तिथेच होते.

आणि मग खरोखर एखाद्या दिवशी बाळ आपल्या हातात येतं. त्यानंतरचं एक मिनिट अभ्यासक्रम करणाऱ्यांनी एखाद्या अष्टभुजेला डोळ्यासमोर ठेवून लिहिलं असावं. बाळ आईच्या पोटावर ठेवा. कोरडं करा. रडलं का बघा. वेळ बघा. पोटात दुसरं बाळ नाही ना चाचपा. आईच्या मांडीत ऑक्सिटोसिनची दहा युनिट्स द्या, तेही मिनिटाच्या आत. नाळ मात्र लगेच कापायची नाही, थांबायचं. आणि मिनिट भरलं की अ‍ॅपगर स्कोअर. भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया अ‍ॅपगर यांनी १९५३ साली छापलेली ही पद्धत: ठोके, श्वास, ताकद, प्रतिसाद, रंग, प्रत्येकी दोन गुण. याच मिनिटात बाळ आईला दाखवायचं आणि "काय आहे, तुम्हीच सांगा" असं तिच्याच तोंडून वदवून घ्यायचं, म्हणजे पुढे अदलाबदलीचा संशय नको. ती बिचारी घामाघूम. एक बाई म्हणाली, "तुम्ही शिकलेल्या ना? मग मलाच काय विचारता?"

पहिल्या मिनिटाला बहुतेक गुणी बाळांना दहापैकी नऊ मिळतात, कारण हातपाय जरा निळसर असतात. हे एका बाळाच्या आजोबांना सांगायची मला दुर्बुद्धी झाली. ते निवृत्त शिक्षक.

"एक मार्क कुठे कापला?"

"रंगाचा, काका. तो नेहमीच..."

"शेजारच्या कॉटवरच्याला किती?"

"त्यालाही नऊच."

आजोबा खट्टू झाले. पाचव्या मिनिटाला स्कोअर परत घेतात असं सांगितल्यावर घड्याळ लावून बसले आणि दहा झाले तेव्हा व्हरांड्यात जाऊन कुणाला तरी फोनवर म्हणाले, "पुनर्मूल्यांकनात वाढले."

वेळेचा घोळ तर विचारू नका. लेबर रूमचं भिंतीवरचं घड्याळ वॉर्डातल्या घड्याळाच्या चार मिनिटं पुढे, इनचार्ज सिस्टरांचं मनगटावरचं मध्ये कुठेतरी, आणि रजिस्टरात जे लिहिलं ते खरं. एकदा मध्यरात्रीच्या सुमारास बाळ झालं. मी ११.५८ लिहिलं. सकाळी बाळाचे काका ज्योतिषीबुवांना फोन लावूनच आले.

"सिस्टर, जरा मागे-पुढे होईल का?"

"काय?"

"म्हणजे बाराच्या पुढे गेलं तर तारीख चांगली येते. बुवा म्हणतात दहा मिनिटं सरकवा."

मी रजिस्टर दाखवलं. मग बुवा स्वतः फोनवर आले. त्यांनी काकांना झापलं. "अहो, मी तारीख म्हटलंच नाही! आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो. बाईंनी लिहिलंय ते राहू द्या. मला फक्त सांगा, डोकं बाहेर आल्याची वेळ आहे ही, का पूर्ण बाळ?" लेबर रूमचा इतका बारकाईने विचार करणारा माणूस मला आमच्या परीक्षक मंडळातही भेटला नाही. त्यांना व्हायव्हाला बोलवावं असं मी सुचवणार होते.

बाळंतिणींच्या वॉर्डात हेल्थ टॉक द्यावा लागतो. चार्ट रंगवायचा, खिळ्याला अडकवायचा आणि पट्टीने दाखवत बोलायचं. मी रात्री आजींच्या समोर तालीम केली. "पहिल्या तासात बाळाला अंगावर घ्या. चीक काढून टाकू नका, ती पहिली लस आहे. सहा महिने फक्त आईचं दूध."

"पाणी?" पलंगावरून प्रश्न.

"पाणीसुद्धा नाही."

"मध?"

"मध तर मुळीच नाही."

"आणि गुटी?"

"नाही, आजी."

आजींनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "माझी आठही गुटीवर वाढली. तो बघ," म्हणून त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं. कपाट चटकन म्हणालं, "आई, मी मीटिंगमध्ये आहे."

सकाळी वॉर्डात तेच भाषण दिलं. बाया शहाण्यासारखं ऐकत होत्या, माना डोलावत होत्या. पहिल्या कॉटजवळच्या सासूबाई तर सगळ्यांत पुढे बसल्या होत्या. "मध देणार का?" मी विचारलं. "न्हाई!" त्या सर्वांत मोठ्याने म्हणाल्या. भाषण संपल्यावर जवळ आल्या, कौतुकाने माझ्या गालावरून हात फिरवला आणि कनवटीची छोटी बाटली काढून म्हणाल्या, "लई चांगलं बोललीस गं बाई. एवढं झाकण तेवढं उघडून दे."

केसबुक लिहायचा मुहूर्त कायम सबमिशनच्या आदल्या रात्री निघतो. हेडिंग लाल, उपहेडिंग हिरवं, समास दोन बोटं, बाळाच्या डोक्याचा व्यास काढून त्यावर ९.५ सेंटिमीटर लिहायचं. खरं बाळंतपण दहा-बारा तासांचं, त्याचं लिखाण त्याहून लांब, आणि त्यात वेणा कुणालाच कमी नाहीत. मी अशीच आजींच्या टेबलावर लाल पेन शोधत होते तेव्हा कपाट हळूच बोललं.

"सिस्टर, जाग्या आहात का? जरा खासगी विचारायचं होतं. माझ्या मुलीला दिवस गेलेत. इथल्या डॉक्टरांनी १४ नोव्हेंबर तारीख दिली आहे. मी १४ पासून आठवडाभराची रजा टाकली."

"काका, त्या तारखेला शंभरातली चार-पाचच बाळं येतात."

कपाट बराच वेळ गप्प. "पण रजा मंजूर झाली हो."

"बाळाला कळवलंय का?"

आजी तोवर उठून बसल्या होत्या. "१४ ला तिथी कुठली?" मी कॅलेंडर काढलं. तिथी त्यांना पसंत पडली. पण लगेच दुसरी शंका आली. "तिकडं दिवस असतो तेव्हा इकडं रात्र. मग पोराचा वाढदिवस कुठल्या दिवशी धरायचा?"

"आई, जन्म इथे होणार. इथलीच तारीख."

"पण पणजी तर इथं आहे!"

दोघांचं वीसेक मिनिटं जुंपलं. मी मध्ये पडायचं नाही असं ठरवून समास आखत होते. शेवटी आजींनी तोडगा काढला. "तू काही करू नकोस. तुला काय कळतंय त्यातलं? या पोरीला पाठवून दे तिकडं. तिला अजून कमी पडतायत."

कपाटाने ही सूचना अतिशय गंभीरपणे घेतली. "सिस्टर, जमेल का तुम्हाला? पासपोर्ट आहे?"

मी वहीच्या मागच्या पानावरची ड्युटी लिस्ट काढली. "१४ ला माझी नाइट आहे, काका. पण कुणी बदली द्यायला तयार झालं तर बघते."